कुलाब्याचे आकडे, अलिबागचा दगड आणि पनवेलचे गणित

धातूच्या किंवा विद्युतरोधक पदार्थाच्या वस्तूवर विद्युतचुंबकीय लहर आदळली की वस्तूत प्रवाह उठतात आणि ते प्रवाह स्वतःचे नवे क्षेत्र बाहेर टाकतात. याला प्रकीर्णन म्हणतात. कोणती वस्तू किती आणि कुठल्या दिशेला विखुरेल, याचा अंदाज आकडेमोडीने बांधण्याच्या शास्त्राचा इतिहास पाठ्यपुस्तकांत एका ठरलेल्या वाटेने जातो. गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म गोलांचे गणित तडीस नेले. दुसऱ्या महायुद्धात रडार आले. १९६६ मध्ये केन यी यांनी अवकाश आणि काळ दोन्ही बारीक चौकटींत कापून मॅक्सवेलची समीकरणे सोडवण्याची रीत दिली. १९६८ मध्ये रॉजर हॅरिंग्टन यांच्या पुस्तकाने मोमेंट पद्धत रूढ केली आणि त्यानंतर संगणकाच्या वाढत्या ताकदीबरोबर सगळे पुढे सरकत गेले. या कथेत खोटे काही नाही, पण ती अपुरी आहे. तिच्यातली लहर बहुधा माणसाने सोडलेली असते आणि वस्तू प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात घडलेली असते. ‘मी’ यांच्या गोलाच्या एकोणीस वर्षे आधी एका फार मोठ्या गोलाचा असाच हिशेब मांडला गेला होता. तो गोल म्हणजे पृथ्वी, आणि त्या हिशेबाला लागलेले आकडे ज्या चार ठिकाणांहून आले त्यांत एक होते मुंबईचे कुलाबा. कुलाब्याच्या त्या परंपरेचे आजचे मुख्यालय नवीन पनवेलला, कळंबोली महामार्गाच्या कडेला आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था हे त्याचे नाव. माझे म्हणणे असे, की प्रकीर्णनाच्या गणितात अवघड पायरी समीकरण सोडवण्याच्या आधीच येते. बाहेरून आलेले क्षेत्र आणि वस्तूने परत दिलेले क्षेत्र एकमेकांपासून निखळपणे वेगळे करणे ही ती पायरी. कुलाबा, अलिबाग आणि पनवेल या पट्ट्यात ती पायरी घडवण्याचे काम पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि या शास्त्राच्या इतिहासात त्याला जागा मिळायला हवी.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती जहाजांच्या घड्याळांसाठी आणि ताऱ्यांच्या वेधांसाठी. चुंबकीय मापने तिथे १८४१ मध्ये सुरू झाली. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. युरोपात गाऊस आणि वेबर यांनी जगभर एकाच वेळी चुंबकसुईचे वेध घेण्याची जी मोहीम चालवली होती, तिची लाट इथवर पोहोचली होती. ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून आणि ज्योतिषगणिताचे जाणकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला ते हेच केरूनाना. १८४६ पासून कुलाब्याची नोंद सलग आणि नियमित झाली. १८७२ मध्ये छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी यंत्रे येईपर्यंत हे सारे काम डोळ्यांनी चाले. दुर्बिणीतून सुईवरच्या आरशातले माप वाचायचे, वहीत लिहायचे, पुढच्या तासाला पुन्हा तेच. २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्याला आज कॅरिंग्टन वादळ म्हणतात त्या सौर वादळात, इथल्या निरीक्षकांनी थोड्याथोड्या वेळाने नोंदी घेतल्या आणि क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे कागदावर उतरले. एरवीच्या दिवसाची चढउतार काही दशक नॅनोटेस्लांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घसरणीचे माप कळते. पण इथे मला महत्त्वाचा वाटतो तो वादळाचा दिवस नाही. काहीही न घडलेले हजारो दिवस तितक्याच इमानाने लिहिले गेले, आणि पुढचा शोध त्या शांत दिवसांच्या वह्यांतून निघाला.

शांत दिवशीही चुंबकसुई सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडी हलते. ही दैनिक हालचाल जमिनीखालून येते की आकाशातून, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. मँचेस्टरचे आर्थर शूस्टर यांनी १८८९ मध्ये त्याचा निकाल लावला. त्यांनी मुंबई, लिस्बन, ग्रिनिच आणि सेंट पीटर्सबर्ग या चार वेधशाळांचे आकडे घेतले. गाऊस यांनी दाखवून दिले होते, की गोलाच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्राचे क्षितिजसमांतर आणि उभे असे दोन्ही घटक ठाऊक असतील तर क्षेत्राचा बाहेरून आलेला भाग आणि आतून आलेला भाग वेगळे काढता येतात. शूस्टर यांनी क्षितिजसमांतर घटकांवरून विभव बांधले आणि त्यावरून उभा घटक काय असायला हवा हे दोन्ही गृहीतकांनी काढले: उगम आत असेल तर असा, बाहेर असेल तर तसा. प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहता कौल बाहेरच्या बाजूने पडला. दैनिक हालचालीचे मूळ वातावरणाच्या उंच थरांत आहे असे ठरले, आणि तेही आयनांबराचा रेडिओने पुरावा मिळण्याच्या कितीतरी आधी. पण जुळणी पूर्ण नव्हती. बाहेरच्या क्षेत्रापाठोपाठ आतूनही एक छोटा हिस्सा येत होता. बाहेरचे बदलते क्षेत्र पृथ्वीच्या पोटात प्रवाह उठवत होते आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र वर येऊन सुईला हलवत होते. या हिश्शाचे गणित शूस्टर यांच्याच निबंधाच्या परिशिष्टात होरेस लँब यांनी दिले. वाहक गोलात बदलत्या क्षेत्राने काय प्रवाह उठतात याचे उत्तर त्यांनी १८८३ मध्येच काढून ठेवले होते. ते उत्तर नोंदींवर बसवल्यावर असे दिसले की सर्वत्र सारख्या वाहकतेचा गोल चालत नाही. आतला भाग अधिक वाहक आणि वरचे कवच कमी वाहक मानले तरच आकडे जमतात. आधुनिक भाषेत सांगायचे तर आलेले क्षेत्र ठरवले गेले, विखुरलेले क्षेत्र वेगळे झाले, आणि त्यावरून वस्तूच्या आतल्या रचनेचा अंदाज बांधला गेला. प्रकीर्णनाचा सरळ प्रश्न आणि उलटा प्रश्न, दोन्ही एकाच निबंधात.

इथे भौतिकशास्त्राचा जाणकार हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. तो म्हणेल की चोवीस तासांच्या चढउतारात लहर कुठे आहे? तिची तरंगलांबी पृथ्वीच्या आकाराच्या लाखो पट भरेल. हे प्रवर्तन आहे, याला प्रकीर्णन म्हणणे म्हणजे शब्द ताणणे. ‘मी’ यांच्या गणितात मॅक्सवेलचा विस्थापन प्रवाह आहे, लँब यांच्या उत्तरात त्याला स्थान नाही, हेही खरे. दोन गणिते एकच आहेत असा माझा दावा नाही. पण दोहोंत जे समान आहे ते वरवरचे नाही. दोन्हीकडे गोलाच्या बाहेरचे क्षेत्र दोन भागांत लिहिले जाते, आत वेगळे उत्तर धरले जाते, पृष्ठभागावर दोन्ही जुळवली जातात आणि गोलीय फलनांची मालिका हाती येते. दुसरे असे की धातू आणि डायइलेक्ट्रिक हा भेदच पदार्थात कायमचा कोरलेला नसतो. तो वारंवारतेवर ठरतो. रायगड जिल्ह्यातला ओलसर बेसॉल्ट घ्या. त्याची रोधकता १०० ओहम-मीटर आणि परावैद्युतांक ८ धरला तर वहनप्रवाह आणि विस्थापन प्रवाह सुमारे २२ मेगाहर्ट्‌झला समान होतात. त्याच्या बऱ्याच वरच्या वारंवारतेला, म्हणजे रडारसाठी, तो खडक डायइलेक्ट्रिक आहे. दिवसाकाठी एकदा वरखाली होणाऱ्या क्षेत्रासाठी त्याच खडकातला वहनप्रवाह विस्थापन प्रवाहापेक्षा अब्जावधी पटींनी मोठा असतो, म्हणून तिथे तो तांब्याच्याच जातीचा ठरतो. फरक राहतो तो खोलीचा. एक गिगाहर्ट्‌झला क्षेत्र तांब्यात सुमारे दोन मायक्रोमीटर शिरते. एक हर्ट्‌झला ते समुद्राच्या पाण्यात अडीचशे मीटरांच्या आसपास आणि या बेसॉल्टमध्ये पाच किलोमीटर शिरते. म्हणून विमानाचा पत्रा आणि सह्याद्रीचा खडक यांना एकाच शास्त्राच्या दोन टोकांना बसवण्यात ओढाताण नाही.

दुसरी हरकत श्रेयाची आहे. आकडे मुंबईचे असले तरी बुद्धी मँचेस्टरची होती, असे कोणी म्हणेल. सिद्धांताचे श्रेय शूस्टर आणि लँब यांचेच आहे आणि ते त्यांच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. मात्र कुलाब्याला निव्वळ आकड्यांचे कोठार मानणे चूक आहे, आणि त्याचा पुरावा पुढच्या वीस वर्षांत आहे. १८९६ मध्ये नानाभॉय आर्देशर फ्रामजी मूस वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामी विजेवर जाणार असे ठरले. वीजट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जातो, त्यातला काही जमिनीत झिरपतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र सुईला ढकलते. एका बाजूला आकाशातून येणारे क्षेत्र आणि पृथ्वीचे उत्तर, दुसऱ्या बाजूला शहराचा प्रवाह. एकदा ही सरमिसळ झाली की कोणत्याही गणिताने ती पुरती उलगडत नाही, कारण शहराच्या प्रवाहाची वेळ आणि वाट नोंदीत नसते. मूस यांच्या वेधशाळेने यावर जागा बदलण्याचा उपाय निवडला. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर दक्षिणेला अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली आणि १९०४ मध्ये तिचे काम सुरू झाले. इमारतीसाठी चुंबकत्व नसल्याची खात्री करून पोरबंदरचा दगड आणला, लोखंडी खिळे आणि बिजागऱ्या टाळून तांबे-पितळ वापरले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे समांतर नोंदी ठेवल्या गेल्या. एका जागेचे आकडे दुसऱ्या जागेच्या आकड्यांना सांधता यावेत म्हणून. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा चुंबकीय नोंद शहराबाहेर सुरक्षित होती.

ही दोन वर्षे मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विचारी निर्णय वाटतात. आजचा अभियंता विमानाचे प्रकीर्णन मोजताना आधी रिकाम्या कक्षाचे क्षेत्र मोजतो आणि मग वस्तू ठेवून मोजलेल्यातून ते वजा करतो. दोन मोजण्यांच्या मध्ये दुसरे काही बदललेले नाही याची खात्री नसेल तर वजाबाकीला अर्थ राहत नाही. अलिबागच्या समांतर नोंदींमागे हेच तत्त्व होते, फक्त इथे कक्षाच बदलत होता. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची कुलाब्याची सामग्री दोन खंडांत प्रसिद्ध केली. पहिल्यात आकडे आणि उपकरणे, दुसऱ्यात घटनेची चर्चा. चुंबकीय वादळांचा सरासरी क्रम शांत दिवसांच्या हालचालीपासून वेगळा काढून तपासण्याचे काम त्यांनी या दुसऱ्या खंडात केले. विभागणी हीच ज्याची पद्धत आहे अशा माणसाचे ते लेखन आहे. मूस यांचे नाव आपल्या विज्ञानाच्या इतिहासात आजवर जेवढे घेतले जाते त्याहून पुष्कळ जास्त घेतले जायला हवे.

त्यानंतरची काही दशके गणिताची गती संगणकाअभावी अडलेली होती. ठळक अपवाद १९३९ चा. बी. एन. लाहिरी आणि ए. टी. प्राइस यांनी खोलीबरोबर वाहकता बदलणाऱ्या गोलाचे उत्तर काढले आणि वाहकतेची मोठी वाढ सहाशे-सातशे किलोमीटर खोलीच्या सुमारास होत असावी असे दाखवले. गोल सोडून वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूकडे वळताच कागद-पेन्सिल संपते. वस्तूचे हजारो तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावरचा प्रवाह अज्ञात मानायचा, प्रत्येक तुकड्याचा बाकी सर्व तुकड्यांवर होणारा परिणाम लिहायचा आणि ती समीकरणे एकत्र सोडवायची, ही मोमेंट पद्धत. १०,००० अज्ञातांसाठी १० कोटी संमिश्र संख्यांची सारणी होते आणि ती ठेवायलाच सुमारे १.६ गिगाबाइट स्मृती लागते. १९८२ मध्ये सदाशिव राव, डोनाल्ड विल्टन आणि अ‍ॅलन ग्लिसन यांनी कोणताही पृष्ठभाग त्रिकोणांत कापून त्यावरचा प्रवाह मांडण्याची रीत दिली आणि ती जगभर प्रमाण झाली. या कथेला समांतर अशी दुसरी कथा भूभौतिकीत घडत होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रेश आणि होमन यांनी जमिनीखालच्या वाहक पिंडासाठी आकारमानावरचे इंटिग्रल समीकरण मांडून त्रिमितीय गणित शक्य केले. तिथेही भोवतालच्या थरांचे क्षेत्र म्हणजे आलेले क्षेत्र, आणि पिंडातल्या प्रवाहांचे क्षेत्र म्हणजे विखुरलेले. दोन्ही शाखांची जर्नले वेगळी आणि परिषदाही वेगळ्या राहिल्या. हे वेगळेपण सवयीतून आलेले आहे. विषय एकच आहे.

मुंबईची परंपरा या दुसऱ्या शाखेत उतरली. १९७१ मध्ये कुलाबा-अलिबागच्या कामातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या सहकार्याने बी. पी. सिंह, बी. आर. अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायव्य भारतात चुंबकमापकांची जाळी पसरली. एका सुईऐवजी अनेक सुया एकाच वेळी वाचल्या की बाहेरचे क्षेत्र सर्वांना जवळपास सारखे मिळते आणि जागोजागचा फरक जमिनीखालच्या वस्तूंचा असतो. त्या फरकातून अरवलीच्या दिशेने गंगेच्या मैदानाखालून हिमालयाच्या पायथ्याकडे जाणारा एक लांब वाहक पट्टा दिसला. पुढे संस्थेने महाराष्ट्रात कुर्डुवाडीच्या परिसरातही मॅग्नेटोटेल्युरिक मापने केली. त्यांत चुंबकीय क्षेत्राबरोबर जमिनीतले विद्युतक्षेत्रही मोजतात आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून खालच्या थरांची रोधकता काढतात.

तिसरी हरकत पनवेलकरांचीच असेल. संस्थेचा पत्ता पनवेलचा आहे एवढ्यावरून हा पनवेलचा इतिहास कसा? पत्ता हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण पनवेलची जमीन या प्रश्नाला आधीच जोडलेली आहे. १९४९ मध्ये जे. बी. ऑडन यांनी पश्चिम भारतातल्या अग्निज भिंतींवर लिहिताना ज्या रचनेचे वर्णन केले, ती भूविज्ञानात ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावानेच ओळखली जाते. घाटावर जवळजवळ आडवे असलेले बेसॉल्टचे थर या पट्ट्यात समुद्राकडे कलतात. विद्युतदृष्ट्या पाहिले तर इथे एका बाजूला रोधक बेसॉल्ट, दुसऱ्या बाजूला उत्तम वाहक समुद्र आणि मध्ये खाडीचा खारा चिखल आहे. समुद्रात उठलेले प्रवाह किनाऱ्यालगत गोळा होतात आणि उभ्या चुंबकीय घटकाला फुगवतात, म्हणून किनाऱ्यावरच्या कोणत्याही वेधशाळेच्या नोंदीत समुद्र मिसळलेला असतो. खाडीच्या चिखलाचा एखादा छोटा पट्टाही विद्युतक्षेत्राला इतका वाकवतो की खालच्या खोल थरांची रोधकता सरसकट वरखाली सरकलेली दिसते. त्यात माणसाचा प्रवाह. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली, आणि पनवेलपर्यंत आलेली हार्बर लोकलही २०१६ पर्यंत त्याच डीसीवर चालत होती. ट्रामच्या रुळांतून झिरपणाऱ्या प्रवाहाचाच हा मोठा अवतार. नव्या पनवेलच्या शेजारी कळंबोलीला सिडकोने वसवलेला पोलादाचा बाजार आहे. अशा जागी चुंबकसुई ठेवून काही साधत नाही, आणि म्हणूनच मोजणे अलिबागला आणि विचार करणे पनवेलला ही वाटणी टिकून आहे. मूस यांच्या निर्णयाचे हे थेट फळ आहे. त्याच पनवेल तालुक्यात खारघरला ‘समीर’ या संस्थेचे केंद्र विद्युत उपकरणांचा एकमेकांना होणारा विद्युतचुंबकीय उपद्रव तपासते. तिथे भिंती धातूच्या करून बाहेरचे क्षेत्र आत येऊ देत नाहीत. अलिबागला धातूच टाळला जातो. उपाय उलटे आहेत, पण दोन्ही ठिकाणी हवी असते ती निखळ विभागणी.

शेवटी एक शंका उरते, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. आजचे संगणक कोट्यवधी अज्ञातांची समीकरणे सोडवतात. मग गोंधळलेल्या नोंदीतूनही शहराचा प्रवाह गणितानेच का काढू नये, आणि दगडी खोल्यांची जपणूक कशाला? मोजण्याच्या ठिकाणांची संख्या वाढवली तर काही गोंधळ खरोखरच निघतो, दुसऱ्या दूरच्या स्थानाशी तुलना करून मॅग्नेटोटेल्युरिकमध्ये हे रोज केले जाते. पण उलट्या प्रश्नाचे उत्तर एकमेव नसते. पृष्ठभागावरचे तेच आकडे खाली वेगवेगळ्या रचना मांडून जुळवता येतात, आणि नोंदीत जितकी भेसळ तितक्या रचना जास्त. विंधणविहीर क्वचितच मदतीला येते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोदलेल्या विहिरीत बेसॉल्टचा तळ सुमारे ३४० मीटरवर लागला. असा खात्रीचा आकडा ज्या ठिकाणी मिळतो तिथे गणिताला खुंटी मिळते, बाकी सर्वत्र नोंदीची शुद्धता हीच खुंटी. म्हणून जुन्या नोंदी संपत नाहीत. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि सोबाना अलेक्स यांनी कुलाब्याची १८५९ ची नोंद पुन्हा तपासून कॅरिंग्टन वादळाची तीव्रता काढली. वीजवाहिन्यांच्या जाळ्यात असे वादळ किती प्रवाह उठवेल, या आजच्या आकडेमोडीत तो आकडा टोकाची मर्यादा म्हणून वापरता येतो. १३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली होती, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या स्वार्म उपग्रहांनी वरून घेतलेली मापने आणि जमिनीवरच्या वेधशाळांची मापने एकत्र करून आज आतला आणि बाहेरचा भाग पुन्हा वेगळा काढला जातो. त्या वेधशाळांच्या यादीत एबीजी या खुणेने अलिबाग आहे, आणि दैनिक हालचालीत बाहेरचा वाटा ढोबळमानाने दोन-तृतीयांश, आतला एक-तृतीयांश भरतो.